पेटीतला परका आवाज

या, असे जवळ या. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनीही थोडं पुढं सरका, कारण आजची गोष्ट उंच सुरात सांगण्यासारखी नाही. एका जावयाची गोष्ट आहे, आणि एका आवाजाची. देवानं माणसाला दिलेल्या देण्यांत आवाज हे फार नाजूक देणं. चेहरा सुकतो, चाल बदलते, पण दाराआडून नुसतं "कोण आहे?" म्हटलं तरी आपलं माणूस ओळखू येतं. असा एक आवाज एका हुशार माणसानं चहा उकळेपर्यंतच्या वेळात घरातून घालवला. मनात वाईट काही नव्हतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण अंतरात बसून जो सगळं पाहतो, त्याच्यापुढं ही सबब फार वेळ उभी राहत नाही. ऐका तर.

ह्या जावयाच्या सासूबाई बस स्थानकावर उद्घोषणा करायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाचं हरवलेलं पोर चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय, सगळं त्यांच्या तोंडून कळायचं. गाडी रद्द झाल्याचं त्या अशा मायेनं सांगत, की भांडायला उठलेला माणूस पुन्हा बाकावर टेकायचा. निवृत्तीनंतर त्यांच्या घशाला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, स्वरयंत्र जाईल.

तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा रजा काढून घरी आला. तो संगणकाचीच कामं करणारा. शस्त्रक्रियेच्या आधी त्यानं आईला मायक्रोफोनसमोर बसवलं आणि हाताला लागेल ते वाचायला लावलं. वर्तमानपत्र झालं, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना झाल्या, त्याची जुनी शाळेची पुस्तकं झाली.

"आता मला जरा रागाव," तो म्हणाला.

"उगाच कशी रागावू?"

"ओला टॉवेल पलंगावर टाकलाय मी."

"पुन्हा? अरे मेल्या, कितीदा सांगायचं तुला, घोडा झालास तरी..."

"हां, हेच. थांबू नकोस, चालू दे."

त्या सगळ्या वाचण्या-रागावण्यातून त्यानं आईचा आवाज तयार केला आणि एका छोट्या संगणकात बसवला. खिडकीशी खुर्ची, खुर्चीशी टेबल, टेबलावर तो संगणक. घरात सगळे त्याला पेटी म्हणायचे. सासूबाई मांडीवर कीबोर्ड घ्यायच्या, टाइप करायच्या, आणि पेटीतून त्या बोलायच्या. थोड्या सपाट सुरात, सर्दी झाल्यासारख्या, पण त्याच. शस्त्रक्रियेनंतर पेटीतून पहिल्यांदा "चहात साखर कमी आहे" असं ऐकू आलं, तेव्हा सासरे तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले होते. सासरे म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

धाकटा पुढं नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेला. तो गेला, पण त्याचं कौतुक घरात राहिलं. आणि ते कौतुक ऐकायला दर रविवारी लेक आणि जावई जेवायला यायचे.

जावईही त्याच धंद्यातला. एका मोठ्या कचेरीतले सर्व्हर सांभाळायचा. कुठल्याही यंत्रावर जरुरीपेक्षा जास्त काही दिसलं की ह्याचं डोकं फिरायचं, म्हणून कचेरीतले लोक त्याला पाठीमागं 'सफाईसाहेब' म्हणत. ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्याच्या टेबलामागं त्यानं स्वतःच्या हातानं एक कागद चिकटवला होता: 'एक यंत्र, एक आवृत्ती.' पण त्याची ही हुशारी सासुरवाडीत कुणाच्या उपयोगी पडलेली नव्हती. तिथं आपलं 'धाकट्यानं असं केलं, धाकट्याला हे सुचलं.' जावई हसून मान डोलवायचा, आणि बुटात अडकलेल्या खड्यासारखं आत काहीतरी टोचत राहायचं.

एका रविवारी सकाळी मास्तर म्हणाले, "जावईबापू, ह्या पेटीवर रोज उठल्याबरोबर एक लाल चौकट येते. 'अद्ययावत करता आलं नाही' म्हणते. मी आपलं 'बरं' दाबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. विमा एजंटासारखी."

"बघतो की," जावई बाह्या सरसावत म्हणाला. "चहा होईपर्यंत उरकतं."

आता एवढं नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. संगणकाचे कार्यक्रम कुठल्यातरी भाषेत लिहिलेले असतात, आणि त्या भाषेच्या नव्याजुन्या आवृत्त्या असतात. पेटीत पायथन नावाच्या भाषेची एक आवृत्ती यंत्राबरोबरच आली होती. तिला घरची सून म्हणा. यंत्राची रोजची झाडलोट, नवे बदल उतरवून घेणं, सगळं तिच्या अंगावर. पण आईच्या आवाजाला हवी होती आधीची, जुनी आवृत्ती. म्हणून धाकट्यानं व्हर्जन मॅनेजर नावाचं एक साधन बसवलं. त्याचं काम एवढंच, की घरच्या सुनेला न दुखवता दुसऱ्या आवृत्तीला पाहुणी म्हणून वेगळ्या खोलीत उतरवायचं, आणि 'पायथन' अशी हाक आली की दोघींपैकी कुणी ओ द्यायची ते ठरवायचं. इथं धाकट्याच्या हातून एक चूक झाली होती. पाहुणीला आवाजाच्या खोलीपुरतं ठेवायचं सोडून त्यानं साऱ्या घरालाच सांगून टाकलं, की कुठलीही हाक आधी पाहुणीकडे. मग सकाळी यंत्र झाडलोटीसाठी हाक मारी, ओ देई पाहुणी, तिला बिचारीला झाडू कुठं ठेवलाय ते ठाऊक नसे, आणि लाल चौकट उगवे.

जावयानं हे बघता बघता ओळखलं. होय, ओळखलं. ही अज्ञानाची गोष्ट नाही, मंडळी, नाहीतर मी तुम्हाला सांगितलीच नसती. एक ओळ बदलून पाहुणीला तिच्या खोलीपुरतं केलं असतं तर काम झालं असतं, आणि ती ओळ त्याच्या डोळ्यांसमोर होती. पण एक ओळ बदलायची म्हणजे धाकट्याची सगळी मांडणी जशीच्या तशी उभी ठेवायची. आणि मग कौतुक कशाचं होणार?

तो मोठ्यानं हसला. "धाकट्या साहेबांनी एका घरात दोन चुली मांडल्यात!"

सासूबाई शेजारीच होत्या. त्यांची बोटं चालली. "म्हणजे काय?" पेटीनं विचारलं.

"म्हणजे कचरा, आई. एकच काम करायला दोन-दोन. जुनं काढून टाकतो, म्हणजे भांडण नको."

"धाकट्यानं ठेवलंय ते," पेटी म्हणाली. "त्याला एकदा फोन करून विचारा ना."

"ह्यात काय विचारायचं? मी रोज असली चार घरं झाडतो."

आणि त्यानं पाहुणीची खोली पुसून टाकली. व्हर्जन मॅनेजरसकट. कचेरीत एखाद्यानं प्रत न काढता काही पुसलं तर तो चारचौघांत त्याची शोभा करायचा. इथं त्यानं प्रत काढली नाही. मग यंत्राला नवे बदल उतरवून घ्यायला सांगितलं. घरच्या सुनेनं इतक्या दिवसांचं तुंबलेलं काम एका दमात उरकलं, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, लाल चौकट आली नाही.

"शाबास!" मास्तर म्हणाले. "गेली की हो बया!"

लेक चहाचे कप घेऊन आली. सासूबाईंनी कीबोर्ड मांडीवर ओढला.

"जावईबापू, चहा घ्या," असं एक परका पुरुष म्हणाला.

झालं होतं ते असं. आपली आई कधी मुकी पडू नये म्हणून धाकट्यानं एक सोय करून ठेवली होती. तिचा स्वतःचा आवाज काही कारणानं उठला नाही, तर यंत्राबरोबर आलेला तयार आवाज बोलायला लागायचा. तो होता पुरुषाचा, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

लेक आधी हसलीच. "अगं आई, हा कोण?" मग तिनं आईकडं पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. सासूबाईंनी चटका बसल्यासारखे हात उचलले होते. त्यांनी कीबोर्ड टेबलावर ठेवला. खुर्चीच्या पाठीवरचा रुमाल काढून त्यावर पसरला, नीट, चारी कोपरे ओढून.

जावयानं घरच्या आवृत्तीवर आवाज चालवून पाहिला, आवाजानं साफ नकार दिला. मग घाईघाईनं व्हर्जन मॅनेजर परत बसवून जुनी आवृत्ती मागवली, तर ती उभीच राहीना. तिला यंत्रातलं कुलूपकिल्लीचं एक जुनं सामान लागायचं, गुप्त संदेश उघडण्या-मिटण्याचं. ते सामान आत्ताच्या झाडलोटीत बाहेर गेलं होतं आणि त्याच्या जागी नवं आलं होतं. नवं पाहुणीला चालत नव्हतं. म्हणजे आधी पाहुणीला हाकललं, आणि मग तिच्या पाठोपाठ तिची परतीची वाटही त्यानंच झाडून टाकली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

आणि तोंडातून निघून गेलं. त्यानं ठरवलं नव्हतं. जीभ घसरते तसं निघून गेलं, पण घसरली ती बरोबर स्वतःला सोईच्या बाजूला. "आवाजाची फाइल खराब झालेली दिसते. जुनी होती. धाकट्यानं ठेवलीच होती अशी घाईघाईत, कधीतरी जाणारच होती."

फाइल जागच्या जागी होती. धडधाकट. त्यानं ती आत्ताच पाहिली होती.

सासूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. तो चार्जरची वायर गुंडाळायला लागला.

संध्याकाळी निघायच्या वेळी फोन वाजला. सासूबाईंना एक थोरली बहीण होती, दुसऱ्या गावात एकटी राहणारी. तिची दृष्टी गेलेली. दिवेलागणीला दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. एक तोंडानं, एक पेटीतून. पेटीचं प्रकरण थोरलीला कधी नीट उमगलं नव्हतं; आवाज आला की तिची बहीण आली. न उचलावा तर ती घाबरेल, म्हणून सासूबाईंनी रुमाल बाजूला केला.

"ताई, मी बोलतेय," पेटी म्हणाली.

"कोण?"

"मी. तुझी बहीण."

"मेल्या, लाज नाही वाटत? कोण रे तू? माझ्या बहिणीच्या फोनवर काय करतोस?"

मास्तरांनी फोन ओढून घेतला. "ताई, मी आहे. ती बरी आहे. पेटी बिघडलीय नुसती."

"मग तिला द्या."

"अहो, ती कशी बोलणार?"

"काल तर बोलली!"

"तेच सांगतोय ना, ती पेटीतून..."

"मास्तर," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. "मला डोळे नाहीत, अक्कल आहे. तो पुरुष कोण आहे घरात? दवाखान्यातला आहे का? काय झालंय माझ्या बहिणीला?"

जितकं समजवावं तितकी तिची खात्री पटत गेली. लेकीनं सांगून पाहिलं. थोरली म्हणाली, "तूसुद्धा? तुला बोलायला पढवलंय ह्यांनी." शेवटी सासूबाई फोनवर वाकल्या. त्यांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली.

"हे काय वाजतंय?" थोरलीनं विचारलं. मग ती रडायला लागली, आणि रडता रडताच फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

जावई दाराशी उभा होता. पायांत बूट घातलेले. एका वाक्यानं सगळं थांबलं असतं असं नाही, पण एका वाक्यानं सुरुवात झाली असती. त्याला बुटाची लेस सैल वाटली. तो ती बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेला राहिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून तो परस्पर सासुरवाडीला गेला. म्हणजे पाय तिकडं वळले. मास्तर धाकट्याशी फोनवर बोलत होते. बोलत कसले, आवाज जिन्यात येत होता.

"तुझ्या त्या फाइलीनं घात केला! आईला वाऱ्यावर सोडून गेलास, आणि ठेवलंस काय, तर कुजकं! थोरलीनं अंथरूण धरलंय तिकडं. शेजारीण सांगत होती, जेवत नाही."

फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडून धाकटा म्हणाला, "असेल, बाबा. घाईतच बसवलं होतं मी. माझंच काहीतरी राहिलं असेल. आई, ऐकतेस ना? चुकलो गं मी."

सासूबाईंनी जोरात मान हलवली. नाही, नाही, अशी. पण फोनला मान कुठं दिसते? आणि समोर कीबोर्ड होता. रुमाल काढायचा, टाइप करायचं, परक्या आवाजात का होईना, चार शब्दांत त्या सांगू शकत होत्या. रविवारी त्या शेजारीच बसलेल्या होत्या. 'कचरा' हा शब्द त्यांनी ऐकला होता, 'त्याला विचारा' हे त्यांनीच म्हटलं होतं. त्यांचा हात रुमालावर गेला. तिथंच थांबला. मग त्यांनी रुमालाची सुरकुती सारखी केली आणि हात मांडीवर घेतला.

हे जावयानं दाराशी उभं राहून पाहिलं. मंडळी, कुणी आपल्यावर ओरडलं तर माणूस उलट ओरडू शकतो. असं कुणी झाकून घेतलं, म्हणजे तोंड लपवायला जागा राहत नाही.

लेक, म्हणजे त्याची बायको, रात्री आईपाशीच राहिली होती; घरी जाताना ती सोबत होती. दोन गल्ल्या गेल्यावर ती म्हणाली, "तू काल नक्की काय काय काढलंस?"

"काही नाही. जादा होतं ते."

"आई म्हणाली होती, विचार म्हणून. मी स्वयंपाकघरातून ऐकलं."

"हो, पण त्याचा ह्याच्याशी..." तो म्हणाला, आणि वाक्य तसंच रस्त्यावर टाकून दिलं. तिनंही उचललं नाही. घरापर्यंत ती त्याच्या अर्धं पाऊल पुढं चालत राहिली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो कचेरीच्या गच्चीवर गेला. पाण्याच्या टाक्यांच्या मागं उभा राहिला आणि धाकट्याला फोन लावला.

"बोला भाऊजी," धाकटा म्हणाला. आवाज बसलेला होता. "मूळ रेकॉर्डिंग शोधतोय कालपासून. माझ्याकडं नाहीये हो. जुन्या लॅपटॉपबरोबर गेलं. मित्रांना विचारलं, कुणाला कधी पाठवलं होतं का. नाही म्हणतात. मला वाटतं, संपलंच ते."

"फाइल आहे," जावई म्हणाला.

"काय?"

"फाइल खराब नाही झालेली. जागेवर आहे. मी तुझा व्हर्जन मॅनेजर पुसला. जुन्या आवृत्तीसकट. मला कळत होतं, एक ओळ बदलली की पुरे. तरी पुसला. आणि बाबांना खोटं सांगितलं."

पलीकडं कुठलंतरी वाहन गेल्याचा आवाज आला. जावयाला वाटलं, आता शिव्या येतील. आणि त्या याव्यात असंही वाटलं.

"म्हणजे आईचा आवाज आहे," धाकटा म्हणाला. तो रडत होता की हसत होता, ते फोनवर कळेना. "भाऊजी, आहे ना नक्की? बघितलात ना तुम्ही?"

"बघितला."

"मग बाकीचं होईल. आणि हे बघा, जुनी आवृत्ती ग्लोबल, म्हणजे साऱ्या यंत्राला लावून ठेवली, ती चूक माझीच. त्यानंच लाल चौकट येत होती."

"तुझी चूक एका ओळीची होती. मी ती ओळ बघितली होती रे."

"असू द्या. बाबांना काही सांगू नका. मी इतक्या लांब आहे, त्यांचा राग इथं पोचेपर्यंत निवतो. तुम्हाला त्या घरात दर रविवारी जेवायला जायचंय."

जावयानं "बरं" म्हटलं. म्हणजे त्या घटकेला त्यानं ती दयाही घेतली.

बुधवारी त्यानं रजा टाकली आणि सकाळीच पेटीसमोर बसला. धाकटा फोनवर. मास्तर मागं येरझारा घालत. सासूबाई खिडकीशी, रस्त्याकडं बघत. ह्या वेळी त्यानं आधी सगळ्या यंत्राची प्रत काढली. मग ते कुलूपकिल्लीचं जुनं सामान मिळवलं, पण यंत्राच्या सामानात मिसळलं नाही. एका वेगळ्या कप्प्यात ठेवलं, जिथं घरच्या सुनेची नजरही जाणार नाही. व्हर्जन मॅनेजर पुन्हा बसवला आणि जुनी आवृत्ती उभारायला सांगितलं. पडली.

"अजून यंत्राचंच नवं सामान उचलतेय ती," धाकटा म्हणाला. "कप्प्याचा पत्ता आधी सांगा तिला. हाताशी जे पहिलं सापडतं ते घेते."

जावयानं पत्ता दिला. बराच वेळ पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. त्याच्या लक्षात आलं, की आपण ओठ मिटून काहीतरी पुटपुटतोय. आणि हेही लक्षात आलं, की ते देवाचं नाव त्यानं कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं. आवृत्ती उभी राहिली. मग त्यानं तिला फक्त आवाजाच्या खोलीपुरतं नेमून दिलं, आणि आवाज सुरू करणाऱ्या हुकमात तिचा पूर्ण पत्ता लिहिला, म्हणजे तिच्यासाठी घरभर हाक मारत फिरायला नको.

"आता बाहेर उभं राहून हाक मारा," धाकटा म्हणाला.

"घरची आली."

"खोलीत जाऊन मारा."

"पाहुणी."

"यंत्राची झाडलोट?"

"चालतेय. चौकट नाही."

"मग आईला बोलवा."

सासूबाई आल्या. खुर्चीत बसल्या. रुमाल काढायला त्यांनी वेळ लावला. मग बोटं कीबोर्डवर टेकली.

"कुणी काही खाल्लंय का सकाळपासून?" पेटीतून त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात. सर्दी झाल्यासारख्या, सपाट, त्याच.

लेक मटकन खाली बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मास्तरांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला, आणि मग फोनकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस ना? तू बिघडवून ठेवलंस, जावयानं सुधारलं! एवढा रजा काढून बसला बिचारा. शीक जरा त्याच्याकडून काहीतरी."

"हो, बाबा," धाकटा म्हणाला.

त्या दोन शब्दांत कुरकुर नव्हती. मुद्दाम केलेला त्यागही नव्हता. एखादं जड सामान आपल्या हातात घेऊन दुसऱ्याला जिना चढू द्यावा, तसं साधं होतं ते. आणि मास्तरांचा हात जावयाच्या पाठीवर होता, थोपटत. जावयाला तो हात सोसवेना.

"बाबा, थांबा," तो म्हणाला. "त्यानं नाही. मी."

सांगायचं ते त्यानं नीट जुळवून आणलं होतं, पण तोंडातून तुकडे तुकडे निघाले. फाइल चांगली होती. मी पुसलं. आई 'विचारा' म्हणाल्या होत्या. मला तो चुकलेला हवा होता. हे शेवटचं वाक्य त्यानं जुळवलेल्यात नव्हतं. ते बाहेर पडलं तेव्हा त्याचं त्यालाच पहिल्यांदा ऐकू आलं.

मास्तरांचा हात पाठीवरून निघाला. ते ओरडले नाहीत. पोस्टाच्या खिडकीत बसून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "परवा तो फोनवर 'चुकलो' म्हणाला, तेव्हा तुम्ही इथंच होतात ना?"

"हो."

"त्या दाराशी."

"हो."

"हं," मास्तर म्हणाले, आणि खुर्ची ओढून पाठमोरे बसले.

बायको त्याच्याकडं बघत होती. त्याला वाटत होतं त्यापेक्षा जास्त वेळ, आणि रागापेक्षा वेगळ्याच कशानं तरी.

सासूबाई टाइप करत होत्या. "मला ठाऊक होतं," पेटी म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?" मास्तर पाठमोरेच म्हणाले. "पोराला नाही नाही ते बोललो मी!"

बोटं पुन्हा चालली. "घरातली गोष्ट परक्याच्या तोंडून कशी सांगू?" पेटी पुढं म्हणाली, "ताईला फोन लावा. आधी मी बोलते. मग तो पुरुष कोण होता, ते जावईबापू सांगतील."

फोन कितीतरी वेळ वाजला. उचलला गेला तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"ताई," सासूबाई म्हणाल्या.

काही नाही.

"ताई, मी."

"पुन्हा बोल," थोरली म्हणाली.

"मी आहे. जेवली नाहीस म्हणे. लहान आहेस का आता?"

"मेली नव्हतीस तर होतीस कुठं, भवाने!" आणि मग जे रडणं फुटलं, त्यात शिव्या होत्या, देवाचं नाव होतं, लहानपणीची लाडाची हाक होती. सासूबाईंना टाइप करायला सवडच मिळेना. त्या नुसत्या फोनवर हात ठेवून बसल्या.

मग फोन जावयाकडं आला. त्यानं सांगितलं. ह्या वेळी सलग सांगितलं. फाइल, खोटं, सगळं.

थोरली ऐकत राहिली. "मी तिला रडून घेतलं हो, जावईबापू," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. "आमची आई गेली तेव्हा रडले नव्हते एवढी. जिवंत बहिणीसाठी. आता ते रडणं मी परत कसं घेऊ, सांगा."

"चुकलो, मावशी," तो म्हणाला. धाकट्यानं न केलेल्या चुकीसाठी हा शब्द किती सहज उचलला होता. ह्याला तो दगडासारखा जड गेला.

"हं," थोरली म्हणाली. "द्या तिला परत."

जावई अजून रविवारी जेवायला जातो. मास्तर त्याला वाढतात, पण 'जावईबापू' म्हणत नाहीत, 'अहो' म्हणतात. आणि तो ते मान खाली घालून घेतो. धाकट्याशी तो आता आठवड्यातून एकदा बोलतो. कचेरीतला टेबलामागचा कागद त्यानं काढला. कुणी विचारलं तर म्हणाला, गोंद सुटला होता. म्हणजे अजून थोडं खोटं शिल्लक आहे. देव ते बघतो आहे, आणि वाट बघायला त्याला घाई नसते.

आता उठण्याआधी माझं एवढं ऐका. जावयाचं त्याचं तो बघेल, धाकट्याला त्याची आई आहे. तुम्ही आठवण ठेवा त्या थोरलीची. अंधारात बसून, जिवंत माणसासाठी, अन्न सोडून ती रडली, आणि ते रडणं कुणालाच तिला परत देता आलं नाही. दिवेलागणीला कुठं फोन वाजला, तर एकदा तिचं मनात आणा. एवढं कराल ना?